किरुबिल्ले

पहाटे तीन वाजून दहा. मशीन वाजलं.
बाटली क्रमांक चौदा. मोनाप्पा पावशे, वय एकसष्ट,
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचे भरणारा.
पोटरीवर तापल्या लोखंडाचा शिंतोडा उडाला,
त्यानं हळद दाबली आणि पाळी पूर्ण केली.
ही गोष्ट नऊ दिवसांपूर्वीची.

थेंब काचेवर पसरला, ज्योतीवरून फिरवला,
जांभळा रंग, आयोडीन, धुणं, लाल रंग.
भिंगाखाली घड लागलेले,
अथणीच्या मळ्यात लागतात तसे,
गच्च, तुकतुकीत, कुणाची वाट न पाहणारे.
दुसऱ्या नळीतल्या प्लेटलेट मोजल्या. एकतीस हजार.
पुन्हा मोजल्या.
एकतीसच.

शाळेत मी त्यांना बिंबिका म्हणत होते.
कॉलेजात शेजारी बसणारी गंगव्वा म्हणायची, किरुबिल्ले.
माझ्या कानाला त्यात बिल्ले ऐकू यायचे,
छातीवर टाचायचे, पिटुकले.

डॉक्टर हुक्केरी रिपोर्टाच्या पाठीवर चित्र काढतात:
"जंतूचं विष लागलं की ही भेदरते,
अंगावरची साखर आपल्याच हातानं खुडते.
यकृत बघतं, खूण नाही.
म्हणजे जुनी झाली. गिळून टाकतं.
चांगली धडधाकट, लढायला निघालेली."

मी काही बोलले नाही.
या गावात रिक्षात बसल्यावर
पहिलं वाक्य कुठल्या भाषेत टाकायचं
हे आम्ही समोरच्याची खूण पाहूनच ठरवतो.

गोळी जुनीच आहे. हृदयात जाळी बसवलेल्यांची.
माझे सासरे घेतात, सकाळी एक, रात्री एक,
आणि दाढी करताना कापलं तर
अर्धा तास कापूस धरून बसतात.
प्लेटलेटला ती सांगते, गप बस, चिकटू नको, गर्दी करू नको.
आता त्याच गोळीनं त्यांना वाचवायचं. कदाचित.
भांदूर गल्लीतल्या एका दुकानाची पाटी
मी तीनदा रंगवलेली पाहिली आहे,
आत तोच तराजू, तोच गूळ, तोच खोकणारा मालक.
गोळीचं उलटं:
पाटी जुनी, आत नवा धंदा.

फॉर्म कन्नडमध्ये होता आणि इंग्रजीत.
मराठीतला अजून समितीकडून यायचा होता,
म्हणून मला वर बोलावलं.
मोनाप्पाचा मुलगा भरमा भिंतीला टेकून उभा.
"ह्यात काय ल्हिवलंय तेवढं सांगा की ओ बाई."
एकेक ओळ सांगत गेले.
नेहमीची औषधं सगळ्यांना चालूच राहतील.
वरून अर्ध्यांना ही गोळी,
अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ.
'रक्तस्रावाची जोखीम' या शब्दांपाशी अडले,
मग म्हणाले, "रगत लवकर थांबायचं न्हाई कदाचित."
"आणि खरी कुणाला मिळाली ते?"
"मलाही कळणार नाही. डॉक्टरांनाही नाही."
तो पहिल्यांदा हसला.
"म्हंजे तुमीबी आमच्यावानीच."
कन्नड चौकटीत त्यानं मराठीत सही केली,
शिरोरेघ चौकटीबाहेर गेली.

अठ्ठावीस. सव्वीस. सव्वीस.
पाचव्या दिवशी एकोणचाळीस.
ताप आहेच. पोटरी अजून काळी.
कशामुळे वाढल्या ते मला विचारू नका,
औषधानं, त्याच्या हाडानं, की पोकळ गोळीनं.

आज त्याची काच पुन्हा लावली आहे.
तांबड्या पेशींच्या गर्दीत
एक मोठी प्लेटलेट, नुकतीच मज्जेतून आलेली,
कडा अजून वेड्यावाकड्या.
तिच्या अंगावर बिल्ला आहे की नाही
ते या भिंगातून दिसत नाही.